सांडलं किती?

आमच्या घरात काही सांडलं तर फडकं आणायचं नसतं. आधी रिपोर्ट द्यायचा असतो.

दूध असो, वरण असो, नाहीतर माझ्या लेकीच्या हातून कार्पेटवर उपडा झालेला आमरस असो. ज्याने सांडलं त्याने जागच्या जागी उभं राहायचं आणि खणखणीत आवाजात सांगायचं: कुठे सांडलं, कधी सांडलं, कसं सांडलं, त्यावर आपण काय केलं, आजूबाजूला काय आहे, आणि काय व किती सांडलं. मग फडकं! (तोवर आमरस कार्पेटमध्ये मुरलेला असायचा. बेसमेंटमध्ये तो पिवळा डाग अजून आहे. पाहुणे आले की आम्ही त्यावर खुर्ची ठेवतो.)

हा नियम काढला आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. आणि काढला तो माझ्यामुळे.

मी वृंदा. नाशिकजवळच्या एका नगरपालिकेत सांडपाण्याच्या केंद्रावर इंजिनीअर होते. मिलिंदशी लग्न करून कॅल्गरीला आले आणि विमानातून उतरल्या उतरल्या इंजिनीअर राहिले नाही. डिग्री बॅगेत होती, अनुभव होता, अक्कल नाशिकला जेवढी होती तेवढीच इथेही होती. पण या देशात स्वतःला इंजिनीअर म्हणवून घ्यायला लायसन्स लागतं. नुसतं म्हणवून घ्यायलाही! माझी कागदपत्रं मान्य झाली, अनुभव मान्य झाला, उरली एक परीक्षा. कायदा आणि आचारसंहिता, एवढाच विषय. "अगं, ती तर सोपी असते," असं मला मराठी मंडळात झाडून सगळ्यांनी सांगितलं. त्या सोप्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा घात केला तो एकाच प्रकरणाने: पाण्याचं प्रदूषण, त्याचे कायदे, आणि नदीनाल्यात काही सांडलं तर कोणी, कोणाला, काय कळवायचं. (नोकरीची सगळी वर्षं सांडपाण्यात काढलेली बाई सांडण्यात नापास!)

पहिल्यांदा नापास झाले तेव्हा मिलिंद म्हणाला, "इट्स ओके." दुसऱ्यांदा झाले तेव्हाही म्हणाला, "इट्स ओके." (माझा नवरा इथेच जन्मला, इथेच वाढला. घराला आग लागली तरी तो आधी हेच म्हणेल.) आप्पा मात्र दोन्ही वेळा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या निकालानंतर सकाळी मी चहा करायला खाली आले, तर ते डायनिंग टेबलापाशी माझं जाडजूड पुस्तक उघडून, हातात पेन्सिल घेऊन बसलेले.

"बस," ते म्हणाले. "नदीत तेल सांडलं. तू काय करशील?"

"पुसून घेईन."

"नदी पुसून घेशील?"

"म्हणजे... अडवीन."

"ते नंतर. आधी?"

"आधी... रडेन?"

"आधी कळवशील! ताबडतोब! कळल्या क्षणी! आता सांग, काय काय कळवशील?"

मी बोटं मोजत सांगितलं. जागा, वेळ, घटना कशी घडली, काय उपाय केला, आजूबाजूचा परिसर, काय सांडलं. मला वाटलं, झालं. आप्पा पेन्सिल टेबलावर आपटत माझ्याकडे बघत राहिले.

"किती?" ते म्हणाले.

"किती काय?"

"किती सांडलं! अगं, एक कप तेल आणि एक टँकर तेल यांत काही फरक आहे की नाही?"

तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर ही उजळणी सुरू झाली, आणि रोज सकाळी माझं 'किती' राहू लागलं. का ते मला आजही सांगता येणार नाही. बाकी सगळं धडाधड यायचं, आणि शेवटच्या पायरीवर पाय घसरायचा. शेवटी आप्पांनी ते सवयीने अंगात मुरवायचं ठरवलं आणि घरात तो नियम लागू केला. गळती कळवायचा सरकारी नंबर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांनी फ्रिजवर लावला, पिझ्झावाल्याच्या नंबरच्याही वर. माझी लेक ईरा दूध सांडून ओरडायची, "आजोबा, आय स्पिल्ड माय मिल्क!" आप्पा वरून विचारायचे, "किती?" ती म्हणायची, "लाइक... ऑल ऑफ इट?" दिवाळीला आलेल्या एका पाहुण्याच्या हातून ताक सांडलं. तो बिचारा "सॉरी, सॉरी" करत टिश्यू शोधत होता. "टिश्यू नंतर," आप्पा म्हणाले. "आधी प्रमाण." ते कुटुंब पुन्हा आमच्याकडे जेवायला आलेलं नाही.

आप्पांना माझ्या परीक्षेची एवढी पडली होती, त्याला कारण होतं. आप्पा मूळचे सोलापूरचे. तरुणपणी तेही इंजिनीअरिंगची डिग्री बॅगेत घालून इथे आले होते. त्यांनाही सांगितलं होतं, परीक्षा दे, मग लायसन्स. एकदा मिलिंदचा जन्म आडवा आला, एकदा नोकरी, एकदा आजारपण, आणि मग ते राहूनच गेलं. आयुष्यभर त्यांनी एका तेल कंपनीत ड्राफ्ट्समनचं काम केलं. नकाशे आप्पांनी काढायचे आणि त्यावर शिक्का दुसऱ्या कोणाचा तरी बसायचा. एकदा मंडळाच्या गणपतीत कोणीतरी माइकवरून "आपले ज्येष्ठ इंजिनीअर" असं म्हणालं, तर आप्पा भर सभेत उभे राहिले. "ड्राफ्ट्समन," ते म्हणाले. "लायसन्स नाही माझ्याकडे." आणि खाली बसले. आई (म्हणजे माझ्या सासूबाई) घर येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत. गॅरेजमध्ये शिरल्यावर मात्र म्हणाल्या, "म्हणू दिलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

"काहीच नाही," आप्पा म्हणाले. "पण ते खरं नसतं."

घरात एक तरी इंजिनीअर व्हावा, असं त्यांनी कधी तोंडाने म्हटलं नाही. पण मिलिंदने अकाउंटंट व्हायचं ठरवलं तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते आई अजून करून दाखवतात.

तर मी तिसऱ्यांदा फॉर्म भरला. परीक्षेची तारीख नोव्हेंबरातली मिळाली. आप्पांचा उत्साह असा, की परीक्षा त्यांचीच आहे असं वाटावं.

आणि मग तो रविवार आला. मी सकाळी गॅसपाशी पोहे परतत होते. आप्पा टेबलापाशी पुस्तक घेऊन बसले होते. आई नुकत्याच खाली येऊन दारात उभ्या होत्या. मागे कप पडल्याचा आवाज झाला. आप्पा म्हणाले, "वृंदा, गळती झाली."

आवाज जरा जड होता. पण मला वाटलं, झोप झाली नसेल. मला वाटलं, ही नवी युक्ती, अचानक परीक्षा! मी पोहे परतत राहिले, मनातल्या मनात पायऱ्या चढले, आणि आयुष्यात पहिल्यांदा, कोणी आठवण न करता, मला ती शेवटची पायरी आठवली!

"किती लिटर, आप्पा?" मी विचारलं. आणि मागे न बघता हसून म्हणाले, "बघा! आज विसरले नाही!"

उत्तर आलं नाही. मी वळले तोवर आई त्यांच्यापर्यंत पोहोचल्या होत्या. अँब्युलन्स लगेच आली, हॉस्पिटलात सगळ्यांनी शिकस्त केली, आणि दुपारी आप्पा गेले.

आप्पांशी मी बोललेलं शेवटचं वाक्य ते आहे. लोक आपल्या माणसाचा हात हातात घेतात, देवाचं नाव घेतात, पाणी पाजतात. मी माझ्या सासऱ्यांना लिटर विचारले! मला त्याची इतकी लाज वाटत होती की मी ते मिलिंदलाही सांगितलं नाही. आईंना सांगायची गरज नव्हती. त्या दारातच होत्या, त्यांनी ऐकलं होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत म्हणून मी त्यांच्या नजरेला नजर देईनाशी झाले.

मिलिंदने विचारलं, परीक्षा पुढे ढकलायची का? मी हो म्हणाले. आई म्हणाल्या, "आधी ह्यांचं होऊ दे. मग बघू."

ह्यांचं म्हणजे दिवस. आप्पा रोज सकाळी बो नदीच्या काठाने फिरायला जायचे. तिथेच एका वळणावर पिंडदान करायचं आणि तिथेच अस्थी सोडायच्या, असं आईंनी ठरवलं. दोन्ही शनिवारी, कारण इतर दिवशी कोणाला सुट्टी नाही. (इथे माणूस कुठल्याही वारी जावो, त्याचे सगळे दिवस शनिवारीच येतात.)

"बट इज इट लीगल?" मिलिंदने विचारलं. "नदीत असं टाकायला परमिशन लागत असेल ना?" आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. घरात पाण्याच्या कायद्याची जाणकार कोण? तर दोनदा नापास झालेली मी!

अस्थी सोडलेल्या चालतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. पण वाचलेलं मला कितपत आठवतं, हे परीक्षा घेणाऱ्यांना चांगलंच माहीत होतं. शिवाय नुसत्या अस्थी नाहीत. वर भात, तीळ, तूप! पुस्तकातली व्याख्या आठवली: पाण्याचा गुण बिघडवील असा कुठलाही पदार्थ. माझ्या डोळ्यांपुढे आप्पांच्या नावाने आलेली नोटीस दिसायला लागली. ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःला इंजिनीअर म्हणू दिलं नाही, त्याच्यावर मेल्यावर नदी नासवल्याचा ठपका? मी फ्रिजवरचा नंबर फिरवला.

पलीकडच्या बाईने आधी माझं नाव, फोन नंबर लिहून घेतला. मग विचारलं, "कशाबद्दल कळवताय?"

मला एवढंच म्हणायचं होतं, की माझे सासरे गेले, त्यांच्या अस्थी नदीत सोडायच्या आहेत, चालेल का? पण 'सासरे गेले' हे शब्द मी तोवर कोणापाशीच उच्चारले नव्हते. सगळ्यांना फोन मिलिंदने केले होते. ते शब्द घशाशी आले की घसा मिटायचा, आणि घसा मिटला की पाठ केलेलं तेवढंच बाहेर पडायचं. (नेमकं परीक्षेत मात्र तेही पडत नसे.)

"एक पदार्थ नदीत सोडला जाणार आहे," मी म्हणाले.

"कुठला पदार्थ?"

"राख. मुख्यतः कॅल्शियम. शिवाय शिजवलेला भात, काळे तीळ आणि तूप."

पलीकडचं टायपिंग थांबलं. "तूप म्हणजे?"

"ते तेल आणि ग्रीसमध्ये धरा."

"कधी सोडला गेला?"

"शनिवारी सकाळी दहा वाजता."

"मॅडम, आज गुरुवार आहे."

"हो. म्हणूनच ताबडतोब कळवतेय."

"अपघाताने का?"

"छे, छे! ठरवून."

"जबाबदार व्यक्ती कोण?"

"माझे मिस्टर." आणि मी मिलिंदचं पूर्ण नाव, स्पेलिंगसकट दिलं. जागा सांगितली. आजूबाजूला काय आहे ते सांगितलं: पॉप्लरची झाडं, सायकलींचा रस्ता, एक बाक. कुठल्याही परीक्षकाने पाठ थोपटावी असा तो रिपोर्ट होता.

"आणि प्रमाण?" तिने विचारलं. "किती?"

मी वळून पाहिलं. टेबलापाशी आप्पांची खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा स्वेटर तसाच होता. किती म्हणून सांगू? मला रडू फुटलं आणि मी फोन ठेवून दिला.

शनिवारी चांगलाच गारठा होता. मिलिंदने थर्मलवर धोतर नेसलं होतं आणि त्यावर पार्का, म्हणजे टोपीवाला जाडजूड कोट. दूर पूर्वेकडच्या मार्कहॅमचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर होते, आणि त्यांना तिकडे दुपारी एक वास्तुशांत होती, त्यामुळे मंत्र जरा घाईत चालले होते. ईराने फोन धरला होता. पिंड मांडून झाले. आता कावळा शिवायचा.

कावळाच नव्हता! इथले कावळे थंडी पडली की दक्षिणेला निघून जातात. (रिटायर झालेल्या निम्म्या मराठी मंडळासारखे.) पॉप्लरवर दोन मॅगपाय तेवढे बसले होते, काळे-पांढरे, लांब शेपटीचे.

"गुरुजी, हा पक्षी चालेल का?" आईंनी विचारलं. ईराने फोन झाडाकडे वळवला.

"अर्धा पांढरा दिसतोय," गुरुजी म्हणाले.

"दे आर इन द सेम फॅमिली ॲज क्रोज," ईरा म्हणाली.

"कूळ एकच ना? मग चालेल."

पण मॅगपाय जागचे हलेनात. त्याऐवजी नदीतून गूज पक्ष्यांचं एक लटांबर काठावर चढलं आणि माना पुढे काढून पिंडांकडे निघालं. धोतर सावरत, हातात गाडीवरचा बर्फ झाडायचा ब्रश घेऊन, मिलिंद त्यांच्या मागे धावायला लागला.

"काहीतरी इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "ज्यांना ठाऊक असेल त्यांनी बोला. शब्द द्या."

"आप्पा," मिलिंद धापा टाकत म्हणाला, "मी या वर्षी विंटर टायर्स वेळेवर लावीन. प्रॉमिस!" मॅगपाय ढिम्म.

"आजोबा," ईरा म्हणाली, "आय प्रॉमिस, फ्रॉम नाऊ ऑन आय विल ओन्ली टॉक इन मराठी, ओके?" एका मॅगपायने नुसती शेपटी हलवली.

"मी फिरायला जात जाईन हो रोज," आई म्हणाल्या. "एकटी." त्यांचा आवाज फाटला. तरीही काही नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

इच्छा काय होती, ते मला ठाऊक होतं. पण 'पास होईन' असा शब्द मी कुठल्या तोंडाने देणार? दोनदा नापास झालेल्या बाईने मेलेल्या माणसाला खोटं सांगायचं? मी खाली मान घालून उभी राहिले. आणि तेवढ्यात वरच्या रस्त्यावर एक सरकारी ट्रक येऊन थांबला.

नारिंगी जॅकेट आणि रबरी बूट घातलेली एक उंच बाई उतारावरून खाली आली. तिच्या एका हातात टॅब्लेट होता, दुसऱ्या हातात नमुने घ्यायच्या बाटल्यांची पेटी. तिने मिलिंदचं नाव वाचलं.

"मी," मिलिंद ब्रश वर करून म्हणाला.

"ठरवून नदीत पदार्थ सोडणारे तुम्हीच का?"

"व्हॉट?" मिलिंद माझ्याकडे वळला. मी झाडाकडे बघत होते.

"पदार्थ कुठे आहे?"

आईंनी कलश छातीशी धरला. आईंना इंग्रजी उत्तम येतं, सोलापुरी हेलासकट. "हा माझा आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे ताबा तुमच्याकडे होता?"

"लग्न झाल्यापासून."

"मूळ स्रोत कुठला?"

"सोलापूर."

"ते इथून किती वर आहे?" बाईने टॅब्लेटवर नदीचा नकाशा उघडत विचारलं.

"वर नाही. लांब आहे."

"मॅडम, त्या भांड्यात नेमकं काय आहे?"

"माय हजबंड," आई म्हणाल्या.

बाईने पेटी खाली ठेवली. टॅब्लेट काखेत धरला आणि डोक्यावरची लोकरी टोपी काढली. थोडा वेळ फक्त गूजच बोलत होते.

"आय ॲम सो सॉरी," ती म्हणाली. मग तिने आईंना समजावून सांगितलं, की यासाठी इथे कोणाचीच परवानगी लागत नाही. कळवायचीही गरज नव्हती. लोक येतात, सोडतात, जातात.

"मग तू आलीस कशाला एवढ्या थंडीत?" आईंनी विचारलं.

"रिपोर्ट फार व्यवस्थित होता," ती म्हणाली. "जागा, वेळ, परिसर, सगळं. फक्त प्रमाण राहिलं होतं. प्रमाण कळलं नाही की आम्हाला स्वतः येऊन बघावं लागतं." तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. "फोन कोणी केला होता? तुम्ही? बोलण्यावरून तुम्ही इंजिनीअर वाटता."

"नाही," मी म्हणाले. "लायसन्स नाही माझ्याकडे."

आईंनी झटकन माझ्याकडे पाहिलं. शब्द माझ्या तोंडून गेल्यावर माझ्याही लक्षात आलं, हे कोणाचं वाक्य होतं ते. आणि मग मला काय झालं कोण जाणे! इतके दिवस मिटलेला घसा एकदम उघडला.

"पण मला येतं!" मी त्या बाईवर जवळजवळ ओरडलेच. "मला सगळं येतं! गळती झाली की ताबडतोब कळवायचं! कळल्या क्षणी! जागा सांगायची! वेळ सांगायची! कसं घडलं ते सांगायचं! काय उपाय केला ते सांगायचं! आजूबाजूला काय आहे ते सांगायचं! काय सांडलं ते सांगायचं, आणि..." नाक गळत होतं, डोळे गळत होते, ती सरकारी बाई एक पाऊल मागे सरकली होती, मिलिंद "इट्स ओके, इट्स ओके" म्हणत होता. "...आणि किती! किती सांडलं ते सांगायचं!"

पॉप्लरवरून एक मॅगपाय सरळ खाली उतरला. दोन उड्या मारून पिंडापाशी आला, चोच मारली, भाताचा मोठा घास उचलला आणि उडून गेला.

फोनमधून गुरुजींचा आवाज आला, "काय झालं? शिवला का?"

"शिवला," आई म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "पूर्ण उत्तर ऐकायला थांबले होते."

मग आम्ही अस्थी सोडल्या. ती बाई शेवटपर्यंत टोपी हातात घेऊन उभी होती, आणि जाताना आईंनी तिला डब्यातले दोन लाडू दिले. गाडीत बसल्यावर आई पुढे बघत म्हणाल्या, "परीक्षा पुढे ढकलायची नाही." मी "बरं" म्हणाले.

परीक्षा घरूनच द्यायची होती, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. देखरेख करणारा माणूस कुठल्या तरी दूरच्या ऑफिसातून बघत होता. त्याने सगळी खोली फिरवून दाखवायला सांगितली. भिंतीवर आप्पांचा हार घातलेला मोठा फोटो होता.

"मॅडम, खोलीत दुसरी व्यक्ती आहे का?"

"नाही. तो फोटो आहे," मी म्हणाले. आणि मग, मला नवल वाटलं इतक्या सहज, "माझे सासरे. ते गेले."

"सॉरी फॉर युअर लॉस," तो म्हणाला. "कृपया त्यांचं तोंड भिंतीकडे करा."

म्हणून ज्या परीक्षेसाठी आप्पा जिवाचं रान करत होते, ती परीक्षा होईपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून होते. पण त्यांनी फार काही गमावलं नाही. कंत्राटं आली, कॉपीराइट आला, नीतिमत्ता आली. पाण्याच्या प्रदूषणावर एकही प्रश्न आला नाही! बहुतेक म्हणूनच मी पास झाले.

निकालाची ईमेल आली तेव्हा मी सकाळचा चहा घेऊन टेबलापाशी बसले होते, आप्पांच्या शेजारच्या खुर्चीवर. 'पास' एवढंच वाचलं आणि फोन धरायच्या नादात कप हातातून सुटला. चहा टेबलावरून वाहत जमिनीवर गेला. मी उठले नाही.

"आई," मी म्हणाले, "गळती झाली."

आई गॅसपाशी होत्या. त्यांनी वळून टेबल पाहिलं, जमिनीवरचा चहा पाहिला, फोन पाहिला, माझा चेहरा पाहिला. फडक्याला त्यांनी हातही लावला नाही.

"किती लिटर?" त्यांनी विचारलं.

त्या रविवारपासून घरात ते दोन शब्द कोणी काढले नव्हते. मी त्यांच्या नजरेला नजर दिली. त्यांच्या नजरेत माझ्याबद्दल काहीही वाईट नव्हतं. तेव्हाही नसणार, मीच कधी बघितलं नव्हतं.

मी रिपोर्ट द्यायला लागले. जागा: डायनिंग टेबल. वेळ: आत्ता. कसं घडलं: पास झाले म्हणून. उपाय: काही नाही. परिसर: आप्पांची खुर्ची, त्यांचा स्वेटर. पदार्थ: चहा. चहा कपभरच होता हो, तो मोजता आला असता. पण डोळ्यांतलं थांबतच नव्हतं. आई बराच वेळ वाट बघत उभ्या राहिल्या, आणि शेवटी त्यांनीच फडकं आणलं. इंजिनीअर झाल्यावर मी दिलेला तो पहिला रिपोर्ट, आणि त्यातही प्रमाण राहिलं ते राहिलंच!